घरचा उपाय, पण मापात

(प्राथमिक आरोग्य केंद्रातून निवृत्त झालेल्या सिस्टर वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात.)

प्रश्न : सिस्टर, बाळ साडेतीन महिन्यांचं आहे. सासूबाई रोज सकाळी गुटी उगाळून मधातून चाटवतात. "आमची सगळी पोरं यावरच वाढली," म्हणतात. डॉक्टर म्हणतात, अंगावरच्या दुधाशिवाय काही नको. घरात रोज धुसफूस चालते. – एक सून, इस्लामपूर

उत्तर : बाई गं, आधी मध बंद कर. आज संध्याकाळपासूनच. वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटसुद्धा लावायचं नाही. मधात एका जंतूची बीजं असू शकतात. आपल्या पोटात ती काही करत नाहीत, पण तान्ह्याच्या आतड्यात रुजतात आणि विष तयार करतात. बाळ ढिलं पडतं, दूध ओढेनासं होतं, श्वासावरही बेततं. घरच्या पोळ्याचा शुद्ध मध असला तरी हेच.

आता गुटी. सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध, वरचं पाणीही नको. सासूबाईंची सहाण एकदा नीट बघ. कालचं खारकेचं साल खाचेत वाळलेलं असतं, पाणी माठातलं असतं, आणि हळकुंडापासून मुरडशेंगेपर्यंत सगळं एकाच फडक्यात गुंडाळून ठेवलेलं असतं. बाळाला जुलाब व्हायला एवढं पुरतं. शिवाय वेढ्यांचा हिशेब कोण ठेवतं? जायफळाचे चार वेढे जास्त पडले की बाळ गुंगून पडतं आणि घरचे म्हणतात, "बघा, कसं शांत झोपलंय!" वेखंड जास्त झालं तर उलट्या.

पण सासूबाईंच्या हातातून सहाण काढून घेतलीस आणि हात रिकामे ठेवलेस, तर धुसफूस वाढेल. त्यांना म्हण, "आई, मालिश तुम्हीच करा, मला तुमच्यासारखी जमत नाही." खोबरेल तेल, हलका हात, नाका-कानात थेंबही नाही, धुरी नाही. बाळंतशेपा, ओवा, सुंठ त्यांनी तुला द्यावी, तू खा. आणि सहा महिने झाले की खिमट त्यांच्याकडेच सोपव. दोन वाट्या तांदूळ आणि एक वाटी मूगडाळ धुऊन, सावलीत वाळवून, खमंग भाजून जाडसर दळायची. दोन चमचे भरड पाण्यात मऊ शिजवायची, चिमूटभर जिरेपूड, वरून तूप. मीठ नको. यात त्यांची हौसही भागेल आणि पोराचं पोटही.

प्रश्न : मुलाला (वय ४) जुलाब झाले की आम्ही साखर-मीठ-पाणी देतो, पण प्रत्येक जण वेगळं माप सांगतो. – एक वडील, पंढरपूर

उत्तर : दादा, माप एकच. उकळून गार केलेलं १ लिटर पाणी, ६ सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे बोटानं वरचं काढून टाकलेलं. चिमूट-मूठ चालत नाही, कारण आजोबांची मूठ वेगळी, तुमची वेगळी. चव घ्या, अश्रूंपेक्षा खारट लागलं तर ओतून द्या. २४ तासांनी उरलेलंही ओतून द्या. प्रत्येक जुलाबानंतर अर्धा ते एक कप, घोट घोट. उलटी झाली तर १० मिनिटं थांबून पुन्हा चमच्यानं सुरू करा. आशाताईंकडे ओआरएसचं (जलसंजीवनीचं) पाकीट मिळालं तर ते याहून चांगलं, आणि जस्ताच्या गोळ्या १४ दिवस पूर्ण करा. जुलाब थांबले म्हणून मधेच सोडू नका. जेवण चालूच ठेवा : ताक-भात, मऊ वरण-भात, केळं.

याला साधं पाणी समजू नका. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, कॉलऱ्यानं माणसं मरत होती आणि सलाइन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोजचं पाणी पिंपांत कालवून नातेवाइकांच्याच हातात दिलं आणि मृत्यू झपाट्यानं कमी झाले.

शौचात रक्त, डोळे खोल, लघवी बंद, पोर मलूल, यातलं एकही दिसलं तर पाणी पाजत पाजतच दवाखाना गाठा.

प्रश्न : मुलीचं हिमोग्लोबिन ९ आलं. बीट खाऊन वाढेल ना? – एक आई, चिपळूण

उत्तर : ताई, बिटाचा रंग लाल म्हणून त्याचं नाव झालंय, लोह त्यात बेताचंच. अळिवाचे लाडू करा. पाव वाटी अळीव अर्धी वाटी नारळाच्या पाण्यात दोन तास भिजवा, एका नारळाचा चव आणि वाटीभर चिरलेला गूळ घालून मंद आचेवर कडा सुटेपर्यंत परता, जायफळ किसून लाडू वळा. पण एका लाडवात चमचाभरसुद्धा अळीव जात नाही, हेही ध्यानात ठेवा. ९ म्हणजे गोळ्या हव्यातच, डॉक्टर सांगतील तितके महिने. गोळी लिंबू-पाण्याबरोबर घ्यावी, दूध-चहाबरोबर नाही. शौचाला काळं होईल, घाबरू नका. आणि जेवल्यावर लगेचचा चहा तिचा बंद करा. तुमचाही.

प्रश्न : तीन वर्षांच्या नातवाला सर्दी-खोकला आहे. कापराची पुरचुंडी गळ्यात बांधू का? – एक आजी, वाई

उत्तर : नको आजी. कापूर पोराच्या तोंडात गेला तर झटके येतात. गरम पाण्याच्या पातेल्यावर वाफही देऊ नका, भाजलेली पोरं पाहिलीत मी. झोपताना अर्धा चमचा मध द्या. तीन वर्षांच्याला तो चालतो आणि रात्रीचा खोकला थोडा निवतो. दिवसा कोमट मुगाचं कढण. श्वास भराभर चालला, बरगड्यांखाली छाती आत ओढली जाऊ लागली, तर सकाळची वाट बघू नका.