खरं की रचलेलं, ते पहिल्याच ओळीत सांगा

प्रश्न : ताई, नमस्कार. आमचा डिचोली-साखळीकडच्या मराठी वाचकांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, हल्ली फेसबुकवर पण आहे. लोक आठवणी लिहितात, कथा टाकतात, आणि पावसात लाईट गेली की भुताच्या गोष्टी तर विचारूच नका. मध्यंतरी एका मेंबर बाईने लिहिलं की बोटीवर नोकरी देतो सांगून एजंटने तिच्या भावाचे पैसे कसे खाल्ले. तर खाली कॉमेंट्स काय, 'मस्त रंगवलीय', 'पुढचा भाग कधी?' तिने रात्रीच पोस्ट डिलीट केली आणि ग्रुप सोडला. आता काहीजण म्हणतात खऱ्या गोष्टींचा ग्रुप वेगळा करा, काहीजण म्हणतात साहित्यात असली कुंपणं नकोत. मी ॲडमिन आहे, काय करू? (एक वाचक, डिचोली)

उत्तर : दादा, नियम नंतर करा, आधी त्या बाईंना फोन करा. मेसेज नको, फोनच करा, आणि भावाच्या केसचं पुढे काय झालं ते विचारा. घरावर एवढं संकट आलेलं लिहायला धीर लागतो हो.

आता मुद्द्याचं. कुंपण नको म्हणणाऱ्यांना वाटतं की लेबल लावलं की कथेची मजा जाते. मला उलट वाटतं, नुकसान कथेचं होतच नाही, ते खरं सांगणाऱ्याचं होतं. 'मस्त रंगवलीय' ही कथा लिहिणाऱ्याला शाबासकी आहे आणि जिच्या घरचे पैसे गेले तिला तीच थोबाडीत बसते. कॉमेंट करणारे काय दुष्ट नव्हते, आपण काय वाचतोय तेच त्यांना कळलं नव्हतं, आणि ते कळवायची सोय तुमच्या ग्रुपात नव्हती.

आपल्याकडचाच आबे फारिया घ्या ना. पणजीत जुन्या सचिवालयाच्या बाजूला 1945 पासून त्याचा पुतळा उभा आहे. हा माणूस 1756 साली कांदोळीला जन्मला, पुढे पॅरिसला जाऊन संमोहनाचे प्रयोग केले, आणि समोरच्याला गुंगी येते ती कुठल्या चुंबकी शक्तीने नाही तर त्याच्याच मनातल्या सूचनेने, असं मांडलं. ही झाली नोंद असलेली गोष्ट. मग 1844 पासून फ्रेंच लेखक ड्युमाची 'काउंट ऑफ माँटे क्रिस्तो' छापून यायला लागली, त्यात आबे फारिया नावाचा कैदी आहे, पण तो इटालियन पाद्री, किल्ल्याच्या तुरुंगात भुयार खणणारा, नायकाला खजिन्याचा पत्ता देणारा. ही कादंबरी. आणि आपण लहानपणी ऐकतो ती तिसरीच, पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचन द्यायला उभा राहिला, तोंडातून शब्द फुटेना, तेव्हा बापाने हळूच सांगितलं, ही सगळी भाजी, कातर रे भाजी! म्हणजे समोरच्यांना घाबरू नकोस. ती तोंडोतोंडी आलेली. तिन्ही आपल्याला आवडतात, तिन्ही राहू देत. पण कुणी कादंबरीतला तुरुंग उचलून खऱ्या फारियाच्या चरित्रात घातला की त्याचं खरं काम मागे पडतं, सगळ्यांना तो भुयारवालाच आठवतो.

म्हणून माझं म्हणणं, ग्रुप दोन करू नका. पहिल्या ओळीत लिहिणाऱ्यानेच एक शब्द टाकायचा : घडलेलं, रचलेलं, किंवा ऐकलेलं. तो तिसरा शब्द आपल्याकडे पाहिजेच. सीमेवरून रात्री देवचार फिरतो, त्याची काठी आपटल्याचा आवाज आज्याने ऐकला, हे सांगणाऱ्याला तुम्ही 'रचलेलं' लिहायला लावाल तर त्याचा अपमान होईल, गावाचा राखणदार म्हणून तो देवचाराला रोट ठेवतो, आणि 'घडलेलं' लिहायला लावाल तर उगाच वाद पेटेल. 'ऐकलेलं' म्हटलं की दोघांची सुटका. भुताच्या गोष्टींसाठी हवं तर एक वार ठरवा आणि त्या दिवशी कुणाला पुरावे मागायचे नाहीत. रेडिटवर भयकथांचं एक पान अगदी असंच चालतं, तिथे सगळं खरंच मानून बोलायचं हा नियम आहे, पण तो नियम आत येतानाच कळतो म्हणून फसवल्यासारखं कुणाला वाटत नाही.

आणि शब्द पहिल्या ओळीत का, शेवटी का नाही? 2018 साली मुलं पळवणाऱ्यांचे व्हिडिओ देशभर फिरत होते ते आठवत असेल. त्यातला एक कराचीत मुलांच्या सुरक्षेसाठी बनवलेली जाहिरात होती, नट घेऊन केलेली, शेवटी मूल परत आणून सोडतात आणि पालकांसाठी संदेश दाखवतात. कुणीतरी तो शेवटच कापला आणि उरलेलं खरं म्हणून पाठवलं. त्याच अफवांच्या लाटेत 1 जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला जमावाने पाच जणांना मारून टाकलं, भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती ती. नंतर व्हॉट्सॲपने भारतात फॉरवर्ड पाच चॅटपुरतं आणलं, पण तोवर पाच जीव गेले होते. पहिल्या ओळीतला शब्द कापणारा कापेलच, तरी तुमच्या ग्रुपातून सरळ फॉरवर्ड होणारं तरी ओळख घेऊन बाहेर जाईल.

कुणी शब्द टाकायला विसरला तर पोस्ट उडवू नका, नुसतं विचारा. एका बाबतीत मात्र कडक राहा : 'घडलेलं' म्हणून खाली जीपे नंबर आला की आधी स्वतः फोन करून, कागद बघून खात्री करायची, तोवर पोस्ट थांबवायची. एकदा खोट्या आजारपणाला पैसे गेले की पुढच्या खऱ्या आजाऱ्याला कुणी दमडी देत नाही.

प्रश्न : नावं बदलून लिहिलं तर ते 'घडलेलं' म्हणायचं का? (एक वाचक, पेडणे)

उत्तर : हो, फक्त नावं बदललीत एवढं लिहा. आपल्या गावांत नाव बदलून भागत नाही, वाडा आणि नवऱ्याची नोकरी सांगितली की बाई ओळखू येते, तेव्हा तेही बदला. संवाद आठवतील तसे चालतील. पण दोघींचे अनुभव जोडून एक बाई केलीत, किंवा न मिळालेला न्याय शेवटी मिळवून दिलात, की ती कथा झाली, तिथे 'रचलेलं' लिहा आणि बिनधास्त लिहा.