मार्चमध्ये शाळेची मुलं कोकणात निसर्ग शिबिराला आणली तर खरंच काही प्राणी-पक्षी (बिबट्या, डॉल्फिन, कासव वगैरे) दिसतात का, की नुसता बीच?

दिसतात, भरपूर दिसतात, फक्त तुम्ही प्रश्नात जी यादी दिलीय ना, बिबट्या, डॉल्फिन, कासव, ती पोरांना आधी सांगू नका म्हणजे झालं. मी गुहागरच्या बाजूला शाळांसाठीच्या एका निसर्ग केंद्रावर मुलांना फिरवायचं काम करतो, पाचवी-सहावीची पोरं म्हणजे आमची नेहमीची मंडळी, आणि माझं स्पष्ट मत असं की एवढ्या वयाच्या मुलांना जंगलात पायपीट करवण्यापेक्षा ओहोटीला किनाऱ्यावर बसवावं. चाळीस पोरं जंगलात शिरली की भेकर काय नि शेकरू काय, सगळे आधीच पसार होतात.

त्यामुळे तारीख ठरवताना तिथी बघा. इथली जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, म्हणजे चतुर्थी असेल तर पूर्ण भरती तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाला, पौर्णिमेला सव्वाअकराला, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं तेव्हा पाणी वर जितकं येतं तितकंच खालीही जातं, आणि एरवी पाण्याखाली असलेले खडक संध्याकाळी पाच-साडेपाचला उघडे पडतात. त्या खडकांतल्या डबक्यांमध्ये समुद्रफुलं (दिसायला फूल, पण असतो प्राणी), शंख पाठीवर घेऊन पळणारे खेकडे, कालवं, नशीब असेल तर एखादा छोटा ऑक्टोपस. शिमग्याच्या पौर्णिमेला मात्र येऊ नका, अख्खी मुंबई पालखीला गावी आलेली असते, ना एसटी मिळत ना खोली, त्यापेक्षा पाडव्याच्या आदली अमावस्या बरी (परीक्षा असतात माहितीय, पण समुद्र काय वेळापत्रक बघत नाही).

वाळूवर बुंदीएवढ्या गोळ्यांची नक्षी दिसेल, बिळाभोवती किरणांसारखी पसरलेली. ती बारीक खेकड्यांची. चाहूल लागली की सगळे आत जातात पण पोरांना पाच मिनिटं न हलता बसवलंत की एकेक बाहेर येतो, दोन्ही नांग्यांनी वाळू तोंडात भरतो, त्यातलं खाण्यासारखं काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला टाकतो, परत एक पाऊल पुढे, परत तेच. भरती आली की सगळं पुसलं जातं आणि पुढच्या ओहोटीला पहिल्यापासून सुरू. सगळ्यात दंगेखोर पोरगंसुद्धा इथे गप्प बसतं हा माझा अनुभव आहे.

मार्चमध्ये आणखी एक मजा म्हणजे कुरव पक्षी. तपकिरी डोक्याचे कुरव थंडीभर इथे पांढऱ्या डोक्याने फिरतात, डोळ्यामागे नुसता एक काळसर ठिपका असतो, आणि लडाख-तिबेटकडे परत जायच्या आधी डोकं तपकिरी व्हायला लागतं, तेव्हा एकाच थव्यात कोणी ठिपकावाला, कोणी अर्धवट, कोणी पूर्ण रंगलेला असे तिन्ही दिसतात. आम्ही मुलांना त्यांची मोजणी करायला लावतो, दुर्बीण कमी पडली तरी चालतं. एप्रिल संपत आला की बहुतेक गेलेले असतात.

सकाळी एक फुललेला पांगारा धरा आणि तिथेच थांबा. साळुंक्या, शिंजीर, कोतवाल, हळद्या, बुलबुल, खारी, सगळे त्याच झाडावर येतात, आपण कशाला हिंडायचं. ककणेरही (म्हणजे धनेश पक्षी) दिसेल, पण त्याच्या ढोलीपाशी मुलांना नेणारं केंद्र असेल तर सरळ नाही म्हणा. या दिवसांत मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेऊन बसलेली असते, नर घशातून एकेक फळ काढून फटीतून तिला भरवतो, आणि खाली माणसं उभी दिसली की तो जवळ येत नाही, उपाशी ती राहते.

कासवांचं म्हणाल तर ऑलिव्ह रिडलेची पिल्लं मार्चमध्ये निघतात हे खरं, वेळास, आंजर्ले, गुहागर सगळीकडे, पण अंडी पन्नासेक दिवसांनी फुटतात आणि वाळू किती तापली त्यावर दिवस मागेपुढे होतात, म्हणून गॅरंटी देणारा थाप मारतोय असं समजा. पिल्लं सकाळी सात आणि संध्याकाळी सहाच्या आसपास सोडतात, पाण्यात नाही, वाळूवर, चालत ती आपली आपण जातात. उजेडाकडे वळतात म्हणून मोबाईलचे फ्लॅश बंद, शिक्षकांचे आधी! मुलांना एक गोष्ट जरूर सांगा, २०२१ मध्ये ओडिशात टॅग लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आली. नकाशावर दाखवलंत की पोरं आ वासतात.

मुंबईहून येताना वाटेत फणसाड अभयारण्य करता येईल, तिथे शेकरू बऱ्यापैकी दिसतं, पण दोन दिवसच असतील तर सोडून द्या.

रात्री सड्यावर (जांभ्या कातळाच्या उघड्या पठारावर) नोटा तपासायची जांभळी बॅटरी घेऊन जा, कातळाच्या फटीतले विंचू हिरवे-निळे चमकतात, पोरं वेडी होतात. पण याच सड्यावर फुरसं हा विषारी साप असतो, वीतभर लांब आणि मातीच्याच रंगाचा, आणि दिवसा दगडाखाली बसतो. त्यामुळे घोट्यापर्यंतचे बूट, सँडल अजिबात नको, दगड कोणी उलटायचा नाही, आणि पैसे भरायच्या आधी केंद्राला विचारा की सर्पदंशाचं इंजेक्शन जवळ कुठल्या दवाखान्यात मिळतं आणि रात्री गाडी कोणाची असते. याला अडखळत उत्तर मिळालं तर दुसरं केंद्र शोधा.