माहेरी पाठवलं म्हणजे नवऱ्याचं काम संपत नाही

भाऊ, तुम्ही विचारलं की पहिलं बाळंतपण माहेरी आहे, तारीख पोळ्याच्या आसपास, आणि तुम्ही इकडे वावरात. मग नवऱ्यानं करायचं काय? पुष्कळ आहे.

माझ्या थोरलीच्या वेळी बायकोला आठव्या महिन्यात माहेरी सोडलं आणि मी निर्धास्त झालो. रात्री कळा सुरू झाल्या अन् गावाबाहेरच्या नाल्याला पूर. पाणी उतरेपर्यंत पाच तास ती घरातच कण्हत होती. दोघी सुखरूप राहिल्या, पण ते पाच तास माझ्या मनातून गेले नाहीत. धाकट्याच्या वेळी तारखेच्या दहा दिवस आधीच तिला तालुक्याला मावससासूकडे नेऊन ठेवलं. तुमच्या सासरच्या वाटेवरचा पूल ठेंगणा असेल तर आधी हे करा, बाकी सगळं नंतर.

मग रक्ताचं बघा. आपल्या विदर्भात सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून लेकराला येणारा रक्ताचा आजार, बराच आहे. वहिनींची तपासणी झाली नसेल तर याच आठवड्यात करून घ्या, स्वतःचीही. दोघंही वाहक असाल, म्हणजे स्वतःला आजार नसून रक्तात त्याचा अंश असेल, तर बाळाला आजार होण्याची शक्यता दर खेपेला चारात एक असते, डॉक्टरांना ते आधी कळलेलं बरं. हिमोग्लोबिन 11 च्या खाली असेल तर लोहाच्या गोळ्या रोज घेतल्या का, हे फोनवर विचारत जा. 7 च्या खाली असेल तर रक्तपेढी असलेला मोठा दवाखानाच गाठायचा.

माहेरच्या गावच्या आशाताईंशी स्वतः बोला. गाडीसाठी 102 वर फोन करायचा. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, ने-आण हे सगळं 2011 पासून मोफत आहे.

पहिलटकरणीच्या कळा बारा-पंधरा तासही चालतात. पाच-पाच मिनिटांनी येऊ लागल्या की निघायचंच, दवाखाना लांब असेल तर त्याआधी. पण पाणी गेलं, रक्त दिसलं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर कळांची वाट बघू नका.

बाळंतपणाच्या खोलीत एकच सोबतीण घेतात. आडोसा नसेल तर पुरुषाला आत सोडत नाहीत. म्हणून सासूबाई की मेहुणी, हे वहिनींनाच विचारा. तिला जिचा धीर वाटतो तीच आत जावी. बाहेर असेपर्यंत तुम्ही सोबत चाला, कळ आली की कमरेच्या खालच्या हाडावर तळहातानं घट्ट दाबा, कळ ओसरली की घोटभर पाणी द्या. माझी बायको आजही त्या दाबण्याचं नाव काढते.

आणि पोळ्याला बैल कोण धुणार, कोण सजवणार, ते शेजाऱ्याशी आताच बोलून ठेवा. फोन आला की तुम्हाला तसंच निघता आलं पाहिजे.