केबलचे रंग ठरवताना: नवख्यांसाठी

ऑफिसच्या नेटवर्कचा रॅक (उपकरणं आणि केबल असलेलं कपाट) तुमच्या ताब्यात आलाय ना, मग सुरुवात चार रंगांवर करा. जास्त नकोत, नाहीतर महिन्याभरात कुणाच्याच लक्षात राहत नाहीत. उदाहरणार्थ:

- निळा: कॉम्प्युटर, प्रिंटर
- हिरवा: आयपी फोन (नेटवर्कवर चालणारे फोन)
- पिवळा: सीसीटीव्ही, वायफाय
- लाल: फायरवॉल (बाहेरचे धोके अडवणारं उपकरण) आणि इंटरनेटची लाइन, म्हणजे विचारल्याशिवाय हात लावायचा नाही

हेच रंग घ्या असा नियम नाही. बाहेरच्या आवरणाच्या रंगाने वेगात काडीचाही फरक पडत नाही. पण ठरवलेला तक्ता छापून रॅकच्या दारावर आतून चिकटवाच.

नवीन माणसं हमखास चुकतात ती इथे: संध्याकाळी सहाला फोन बंद पडतो, हिरवी केबल संपलेली असते, मग हाताला लागेल ती निळी लावली जाते. "उद्या बदलू" म्हणतात आणि ती तशीच राहते. म्हणून प्रत्येक रंगाच्या एक आणि दोन मीटरच्या दोन-दोन पॅच कॉर्ड (दोन्ही टोकांना प्लग असलेल्या तयार केबल) शिल्लक ठेवाच.

आणि दोन्ही टोकांना लेबल हवंच. लाल-हिरवा फरक न दिसणारे सहकारी असतात, शिवाय वीस निळ्यांतली नेमकी कोणती, हे रंग सांगत नाही. बांधायला प्लास्टिकच्या टायऐवजी वेल्क्रो वापरा.

फायबर (प्रकाशावर चालणाऱ्या केबल), व्हीलॅन (एकाच नेटवर्कचे वेगळे भाग पाडणं) सध्या बाजूला ठेवा. आधी एकच रॅक नीट लावा, जमेल तुम्हाला.