राजस्थान गायब, वडगाव तिप्पट

प्रश्न: राजस्थान आणि महाराष्ट्रातल्या गावांत घेतलेल्या मुलाखती सीएसव्ही फाईलमध्ये आहेत आणि गावांचा मेटाडेटा (राज्याचा कोड, गावाचं नाव, भेटीची तारीख) एक्सेलमध्ये. पायथनच्या पांडाजमध्ये (तक्ते हाताळणारी लायब्ररी) राज्य आणि गाव या कॉलमांवर ‘मर्ज’ केलं, म्हणजे दोन्ही तक्ते जोडले. आधी एरर आला, म्हणून कोडचे दोन्ही कॉलम स्ट्रिंग (मजकूर) केले. आता एरर नाही, पण राजस्थानची एकही ओळ उरली नाही आणि वडगावच्या ४० घरांच्या १२० ओळी झाल्या. असं का?

उत्तर: आधीचा एरर खरं तर तुम्हाला सावध करत होता. जनगणनेत राजस्थानचा कोड ०८, महाराष्ट्राचा २७. एक्सेलमध्ये ०८ हा मजकूर म्हणून साठवलेला असावा, त्यामुळे तो तसाच आला. सीएसव्ही वाचताना मात्र पांडाज त्याला संख्या समजून ८ करतं. नंतर स्ट्रिंग करून गेलेलं शून्य परत येत नाही. ‘०८’ आणि ‘८’ जुळत नाहीत, आणि काही न सांगता केलेलं मर्ज ‘इनर’ असतं, म्हणजे न जुळलेल्या ओळी मुकाट्याने टाकून देतं. महाराष्ट्र वाचला तो २७ च्या आधी शून्य नसल्यामुळे. सीएसव्हीतल्या त्या कॉलमात एखादी जागा रिकामी असती तर २७ चं ‘२७.०’ होऊन तोही गेला असता.

तेव्हा दोन्ही फाईली वाचतानाच कॉलमचा प्रकार सांगणाऱ्या ‘डीटाइप’ला ‘एसटीआर’ (म्हणजे स्ट्रिंग) द्या (टाइप अर्थातच रोमन लिपीत). एक्सेलच्या पेशीत ८ ही संख्या असून ती नुसती ०८ दिसत असेल, तर वाचल्यावर ‘झेडफिल’ने दोन अंक पूर्ण करा. मुलाखतकाराने ‘लागू नाही’ या अर्थी रोमन ‘एनए’ लिहिलं असेल, तर ‘कीप_डिफॉल्ट_एनए’ला ‘फॉल्स’ द्या. नाहीतर ते आणि रिकामी जागा यांत फरक राहत नाही.

आता वडगाव. मेटाडेटात त्या नावाच्या तीन ओळी असणार, म्हणून ४० गुणिले ३. गावाचं नाव जोडणीला वापरूच नये. ‘गोऱ्हे’ दोन पद्धतींनी टाइप होतं: ऱ घेऊन, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक घेऊन. पडद्यावर दोन्ही सारखीच, संगणकाला वेगळी. एकच अक्षर लिहिण्याच्या वेगवेगळ्या पद्धती एकसारख्या करणारं युनिकोडचं ‘एनएफसी’ही त्यांना एक करत नाही. २०११ च्या जनगणनेचा सहा अंकी ग्राम-कोड घ्या, तोही स्ट्रिंग म्हणूनच. मर्ज करताना ‘हाउ’ला ‘लेफ्ट’, ‘व्हॅलिडेट’ला ‘मेनी_टू_वन’ आणि ‘इंडिकेटर’ला ‘ट्रू’ द्या. मेटाडेटात कोड दोनदा आला तर काम तिथेच थांबेल. न जुळलेल्या ओळी ‘_मर्ज’ कॉलमात ‘लेफ्ट_ओन्ली’ म्हणून सापडतील.

प्रश्न: हाच मेटाडेटा यामल फाईलमध्ये (साध्या मजकुरात माहिती लिहिण्याची एक पद्धत) ठेवला तर?

उत्तर: चालेल, पण प्रत्येक कोड अवतरणचिन्हांत. यामल वाचणारं पायथनचं पाययामल शून्याने सुरू होणारा आकडा अष्टमान (फक्त ० ते ७ हे अंक वापरणारी पद्धत) समजतं. त्यामुळे उत्तराखंडचा ०५ हा ५ होतो, आणि राजस्थानचा ०८ मजकूरच राहतो, कारण अष्टमानात ८ हा अंकच नाही. एकाच कॉलमात दोन प्रकार! रोमनमधलं ‘येस’, ‘नो’सुद्धा अवतरणाशिवाय ‘ट्रू’, ‘फॉल्स’ होऊन येतं.