शाळेत कधी मैदानी खेळांत भाग न घेतलेली व्यक्ती पहिली ते चौथीच्या मुलांना शारीरिक शिक्षण शिकवू शकेल का?

तुमचा प्रश्न असा आहे की, डी.एल.एड.ला, म्हणजे प्राथमिक शिक्षक होण्याच्या पदविकेला, प्रवेश मिळाला, पण शाळेत असताना धावण्याच्या शर्यतीत तुम्ही कायम शेवटी राहिलात आणि सातवीनंतर मैदानावर पाऊलही टाकले नाही. तेव्हा लहान मुलांचा शारीरिक शिक्षणाचा तास तुम्हाला घेता येईल का, आणि अध्यापक विद्यालयात त्याची तयारी कशी करावी. मी गेली अनेक वर्षे अध्यापक विद्यालयात हा विषय शिकवते आहे, त्यामुळे अनुभवाच्या आधारे उत्तर देते. तुम्हाला हा तास निश्चितपणे घेता येईल. मात्र त्यासाठी जे शिकावे लागते ते खेळाडूने शिकण्यापेक्षा बरेच निराळे आहे.

प्रथम एक वस्तुस्थिती लक्षात घ्यावी. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशकांची तरतूद आहे, पण ती सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी आणि तेथील पटसंख्या शंभरापेक्षा अधिक असेल तेव्हाच. पहिली ते पाचवीला असा स्वतंत्र शिक्षक नाही. भाषा आणि गणित शिकवणारा वर्गशिक्षकच मुलांना मैदानावर नेतो. म्हणून हा विषय खेळाची आवड असलेल्या दोन-चार छात्राध्यापकांपुरता ठेवता येत नाही, आणि तुमच्यासारख्यांची तयारी हाच या विषयाच्या प्रशिक्षणाचा खरा गाभा आहे, असे मी मानते.

ही तयारी चुकीच्या पद्धतीने कशी होते हेही सांगते, कारण सुरुवातीची काही वर्षे मी स्वतः ती तशीच करून घेत असे. खो-खोच्या मैदानाची लांबी-रुंदी, कबड्डीतील निदान रेषा आणि बोनस रेषा यांची अंतरे, सावधान-विश्रामचे आदेश, कवायतीचे क्रम, हे सारे छात्राध्यापक वहीत सुबक आकृत्यांसह उतरवून घेत आणि परीक्षेत चांगले गुणही मिळवत. एकदा जिल्हा परिषदेच्या एका शाळेत तिसरीच्या वर्गावर आमच्या एका विद्यार्थिनीचा सराव पाठ चालू होता. विषय खो-खो, पटावर छत्तीस मुले. टाचण, म्हणजे तासाचा लेखी आराखडा, निर्दोष होते, शिट्टी वेळेवर वाजत होती, रांगा सरळ होत्या. मी मागे उभी राहून सहज एका मुलीवर नजर ठेवली आणि घड्याळ पाहत राहिले. पस्तीस मिनिटांच्या तासात ती मुलगी जेमतेम चार मिनिटे हालचाल करत होती. उरलेला वेळ ती रांगेत उभी होती, नियम ऐकत होती किंवा आपली पाळी येण्याची वाट पाहत बसली होती.

यात त्या छात्राध्यापिकेचा दोष नव्हता, दोष माझ्या शिकवण्याचा होता. खो-खोत एका वेळी पाठलाग करणाऱ्या संघाचे नऊ आणि बचाव करणारे तीन, असे बारा खेळाडू मैदानात असतात. त्या नऊपैकी आठ बसलेले असतात. म्हणजे छत्तीस मुलांपैकी चोवीस बाहेर, आठ बसलेली आणि धावणारी फक्त चार. मोठ्यांच्या स्पर्धेसाठी हा खेळ उत्तमच आहे, पण तो जशाच्या तसा आठ वर्षांच्या मुलांच्या वर्गावर आणला की तास खेळाचा होतो, मुलांचा होत नाही. जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी दररोज सरासरी साठ मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल सुचवते. त्या हिशेबात चार मिनिटांना काय किंमत आहे?

तेव्हापासून पहिला सराव पाठ देण्यापूर्वी प्रत्येकाने दुसऱ्याच्या तासाला बसून एकाच मुलाचे निरीक्षण करावे, असा नियम मी केला आहे. मूल हलले, मूल थांबले, मुलाने सूचना ऐकल्या, असे तीन रकाने आखायचे आणि मिनिटे नोंदवायची. शक्यतो वर्गातले सर्वांत चपळ मूल निवडू नये. ही एक नोंद हातात आली की छात्राध्यापक आपले टाचण न सांगता बदलतात.

दुसरी गोष्ट म्हणजे हालचाल पाहायला शिकणे, आणि माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची. अक्षर काढताना मुलाचे वळण कुठे चुकते हे आपण जितक्या बारकाईने पाहतो, तितक्याच बारकाईने त्याचे फेकणे, झेलणे, उडी मारणे पाहता आले पाहिजे. लहान मूल उजव्या हाताने चेंडू फेकताना बहुधा पाय हलवतच नाही, किंवा उजवाच पाय पुढे टाकते. कंबर वळत नाही, जोर केवळ कोपरातून येतो. डावा पाय पुढे येऊ लागला की कंबर आणि खांदा फेकीत सामील होतात आणि चेंडू एकदम लांब जातो. झेलताना मूल आधी हात ताठ पुढे धरते आणि चेहरा बाजूला वळवते. मग चेंडू छातीशी कवटाळू लागते. केवळ हातांच्या ओंजळीत चेंडू घेणे त्यानंतर येते. उडीनंतर जमिनीवर येताना गुडघे वाकतात की पाय ताठ राहून धाडकन आदळतात, हेही पाहावे. लंगडी घालताना मोकळा पाय नुसता लोंबकळत असतो की झोका देऊन शरीराला पुढे नेतो, यावरून तोल किती साधला आहे ते कळते. ही पायरी ओळखता आली तरच पुढची पायरी सांगता येते. 'नीट फेक' ही सूचना नव्हे; 'दुसरा पाय पुढे टाक' ही सूचना आहे.

हे शिकवण्यासाठी मी छात्राध्यापकांना उजव्या हाताऐवजी डाव्या हाताने चेंडू फेकायला लावते. वीस-बावीस वर्षांची, शाळेत क्रिकेट गाजवलेली मुलेही अशा वेळी डावाच पाय पुढे टाकतात आणि चेंडू चार हातांवर पडतो. पहिलीतल्या मुलाला काय वाटत असेल ते त्यांना तेव्हा शरीराने समजते. तुमच्याबाबतीत सांगायचे तर, चेंडू हातातून निसटण्याची आठवण तुमच्याजवळ आधीच आहे आणि उत्तम खेळाडूला ती मुद्दाम मिळवावी लागते. ती आठवण बाळगून वर्गावर जा.

माझ्या वर्गातील अनेक मुलींनी बाराव्या-तेराव्या वर्षानंतर धावणे सोडून दिलेले असते. त्यामुळे पहिले काही आठवडे मी कोणतेही टाचण लिहून घेत नाही. आम्ही फक्त खेळतो. साडी किंवा ओढणी सांभाळत शिवाशिवी शिकवता येत नाही, म्हणून त्या तासाला ट्रॅकसूट आणि बूट हवेत, हा आग्रह मी सोडत नाही. त्यावर घरून तक्रारी आल्या तर मी स्वतः पालकांशी बोलते.

तिसरी गोष्ट वर्गाच्या मांडणीची. मैदानावर भिंती नसतात, म्हणून चुन्याच्या फक्कीने सीमा आखून घ्याव्यात. सूर्य शिक्षकाच्या डोळ्यांवर यावा, मुलांच्या नव्हे. एका वेळी दोन-तीनच सूचना द्याव्यात आणि शक्यतो करून दाखवाव्यात. 'थांबा'ची एकच खूण ठरवावी आणि पहिल्या दिवशी तिचाच सराव घ्यावा. ज्या खेळात मूल 'बाद' होऊन बाहेर बसते तो खेळ बदलून घ्यावा, कारण सर्वांत आधी बाद होणाऱ्या मुलालाच सरावाची सर्वाधिक गरज असते. विषामृत मला याच कारणाने फार आवडतो: विष मिळालेले मूल जागीच थांबते आणि सवंगड्याच्या स्पर्शाने अमृत मिळताच पुन्हा पळू लागते, त्यामुळे बाहेर कोणीच जात नाही. शिवाशिवीत एकाऐवजी पाच-सहा मुलांवर राज्य द्यावे. लंगडीत दमल्यावर पाय बदलू द्यावा. रुमालाचा खेळ दोन लांब रांगांत न घेता सहा-सहा मुलांच्या गटांत घ्यावा. आपले पारंपरिक खेळ असे थोडे वाकवले तर पस्तीस मिनिटांतली वीस-बावीस मिनिटे प्रत्येक मूल हलते राहू शकते.

साहित्याची अडचण खरी आहे, पण अपरिहार्य नाही. समग्र शिक्षा योजनेत प्राथमिक शाळेला क्रीडा साहित्यासाठी वर्षाला 5000 रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. त्यातून एक चांगला फुटबॉल घेण्यापेक्षा लहान चेंडू अनेक घ्यावेत. तेही न जमल्यास जुन्या मोज्यांत चिंध्या भरून चेंडू शिवावेत. हा चेंडू उसळत नाही, लागत नाही आणि झेलायला सोपा असतो. आमच्याकडे प्रत्येक छात्राध्यापक असे दहा चेंडू शिवून आंतरवासितेला, म्हणजे शाळेत राहून शिकवण्याच्या सरावाला, नेतो. दृष्टिबाधित मूल वर्गात असेल तर चेंडूत घुंगरू घालावे आणि सगळ्या वर्गाने तोच चेंडू वापरावा.

दोन गोष्टींत मात्र तडजोड करू नका. मैदानाच्या फेऱ्या किंवा उठाबशा शिक्षा म्हणून देऊ नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षेला मनाई आहेच, शिवाय धावणे हीच शिक्षा ठरली तर मुलाला धावणे आवडणार कसे? आणि गणित मागे पडले म्हणून हा तास गणिताला देऊ नका. आंतरवासितेत तुमच्यावर तसा दबाव येण्याची शक्यता आहे. त्या वेळी मुख्याध्यापकांना आपले टाचण आणि निरीक्षणाची नोंद दाखवून नम्रपणे तास मागावा. बहुतेक वेळा मिळतो.

मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदींत 'खेळात आवडीने भाग घेतो' हे वाक्य सर्व मुलांसमोर उतरवलेले मी पाहिले आहे. त्याऐवजी 'चेंडू छातीला लावून झेलते, ओंजळीत झेलण्याचा सराव हवा' असे लिहिता आले, तर तुम्ही हा विषय शिकवू लागलात असे समजा.

पहिल्या तासासाठी एवढेच करा. इयत्ता पहिली, प्रत्येक मुलाच्या हाती चिंध्यांचा एक चेंडू. वर उडवून झेलणे, टाळी वाजवून झेलणे, बसून उठताना झेलणे, भिंतीवर काढलेल्या वर्तुळावर फेकणे आणि शेवटी जोडीदाराकडे फेकणे. स्पर्धा नको, गुण नकोत, शिट्टीही नको. मुले फेकत असताना त्यांच्यामधून फिरा, कोणाचा कोणता पाय पुढे येतो ते पाहा, आणि तास संपल्यावर पाच मुलांची नावे व त्यांचे पाय वहीत लिहून ठेवा. पुढच्या तासाचे टाचण त्या पाच ओळींतून तयार होईल.