बहमनी की बहामनी?

‘दख्खनच्या सुलतानी राज्याचं नाव बहमनी लिहावं की बहामनी, आणि हे नाव ब्राह्मणावरून आलं का?’ असा प्रश्न आला आहे. बहमनी लिहा. ब्राह्मणाचा इथे काडीचाही संबंध नाही. तरी तीच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकावी लागते आणि चीड येते: राज्याचा संस्थापक हसन हा दिल्लीच्या गंगू नावाच्या ब्राह्मण ज्योतिषाचा चाकर, नांगरताना त्याला मोहरांचा हंडा सापडला, तो त्याने इमानाने धन्याला दिला, धन्याने राजयोग वर्तवला, म्हणून राज्याला धन्याचं नाव!

ही कथा इतिहासकार फिरिश्त्याची. तो विजापूर दरबारात बसून लिहीत होता, राज्य स्थापन झाल्यावर अडीचशे वर्षांनी. कवी-इतिहासकार इसामीने मात्र १३५० च्या सुमारास, हसनच्याच आश्रयाने लिहिलं, आणि त्याने हसनचा वंश जोडला तो इराणी वीर इस्फंदियारचा मुलगा बहमन याच्याशी. ही वंशावळ दरबारी थाटाची असेल, पण नाव कुठून घेतलं ते त्यातून स्वच्छ कळतं. तुघलकाविरुद्ध उठलेल्या अमीरांनी १३४७ मध्ये दौलताबादला हसनला गादीवर बसवलं, तेव्हा त्याने ‘बहमनशाह’ हाच किताब घेतला. नाण्यांवरही तोच आहे. एवढ्यावरही फिरिश्त्याची री ओढणाऱ्यांनी नाणी पाहिलेलीच नाहीत, असं मी म्हणेन.

आता खरी गंमत. ‘बहमन’ म्हणजे अवेस्तातला, म्हणजे पारशांच्या धर्मग्रंथातला, ‘वोहु मनह्’, सद्विचार. ‘वोहु’ म्हणजे आपला ‘वसु’, ‘मनह्’ म्हणजे आपलं ‘मनस्’! ब्राह्मण शोधायला निघालेल्यांना संस्कृतची सख्खी बहीण दारात उभी होती, ती दिसली नाही. हाच वोहु मनह् गुराढोरांचा रक्षक मानला जातो, म्हणून मुंबईतली कितीतरी पारशी घरं बहमन महिन्यात मांस वर्ज्य करतात. ‘बहामनी’तला लांब ‘हा’ मात्र माझ्या मते ‘ब्राह्मण’ ऐकायला सवकलेल्या कानांनी घातला.

शिवाय दख्खनची रीत पाहा. १४८१ मध्ये बहमनी वजीर महमूद गावानला ठार केलं, दख्खनी आणि आफाकी (बाहेरदेशी) सरदारांची फूट हाताबाहेर गेली, आणि पुढे राज्याच्या पाच शाह्या झाल्या. त्यांतली निजामशाही निजाम-उल-मुल्कवरून, इमादशाही इमाद-उल-मुल्कवरून, कुतुबशाही कुतुब-उल-मुल्कवरून, आदिलशाही आदिलखानावरून. प्रत्येक नाव मूळपुरुषाच्या किताबाचं. मग बहमनशाहाचंच घराणं तेवढं ज्योतिषाच्या नावाने का ओळखलं जाईल?